अभिनयाची बक्षिसं घरात आहेत, सिरियलवाले मुंबईला बोलावतायत, एलडीसीची नोकरी सोडू का?

सत्तरीकर_नट:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होतो, आज लिहूनच टाकतो. लांब होईल, सांभाळून घ्या.

वय २८, गाव सत्तरीत, वाळपईहून थोडं आत. एका सरकारी खात्यात एलडीसी म्हणजे कारकून आहे, चार वर्षं झाली, कन्फर्म पण झालोय. नाटक लहानपणापासून. आमच्या देवळाच्या जत्रेला दर वर्षी गावातलीच माणसं मराठी नाटक करतात, त्यात सातवीत असताना पहिल्यांदा तोंडाला रंग लागला आणि मग तो काही सुटला नाही. नंतर कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरायला लागलो, आधी ब गट मग अ गट, अभिनयाची दोन बक्षिसं आहेत. सर्टिफिकिटं आईने देवघराशेजारी लावलीयत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं आणि बऱ्याच मराठी सिरियली गोव्यात आल्या ते आठवत असेल. तेव्हा मी घरीच होतो, ओळखीच्या एकाने सांगितलं म्हणून गेलो आणि हवालदाराचं चार दिवसांचं काम मिळालं, तीन वाक्यं होती. मे च्या पहिल्या आठवड्यात इथल्याही परवानग्या रद्द झाल्या आणि सगळे निघून गेले. पैसे पाच महिन्यांनी आले. पण त्या चार दिवसांत एक गोष्ट कळली, कॅमेऱ्यासमोर मला भीती वाटत नाही.

तिथला एक असिस्टंट आता एपिसोड डायरेक्टर झालाय, त्याचा परवा फोन आला. नवीन सिरियल येतेय, नायिकेच्या मामेभावाचा रोल आहे, महिन्याला १० ते १२ दिवस काम, मुंबईत राहावं लागेल. ऑडिशन पाठवली होती, चॅनेलला आवडली म्हणे. पंधरा दिवसांत सांग म्हणाला.

बाबा म्हणतात सरकारी नोकरी सोडणारा माणूस आपल्या गावात अजून जन्मलेला नाही. आई काहीच बोलत नाही, ते जास्त जड जातं. लग्नाचं पण बघतायत. माझा प्रश्न असा की ज्यांनी हे केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी खरं सांगा, सिरियलमधून पुढे सिनेमाकडे रस्ता जातो का, आणि नाही जमलं तर किती वर्षांनी माणसाने परत फिरावं?

—

पणजी_मुंबई_पणजी:

भावा मी सहा वर्षं मुंबईत काढून परत आलोय, त्यामुळे तुझी पोस्ट दोनदा वाचली. तुला घाबरवायचं नाहीये पण जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे सपोर्टिंग रोल ही नोकरी नव्हे, तो ट्रॅक असतो. गुरुवारी टीआरपी येतो आणि त्याच्यावर पुढची गोष्ट फिरते. १० ते १२ दिवस हे त्यांनी आज मनापासून सांगितलेलं असतं, खोटं बोलत नाहीत, पण नायक-नायिकेचं भांडण लोकांना आवडलं तर मामेभाऊ महिनाभर दिसणारच नाही. माझं तसंच झालं. पहिले तीन महिने ११-१२ दिवस, चौथ्या महिन्यात ४, पाचव्यात माझं पात्र शिकायला परदेशी गेलं आणि परत आलंच नाही. मला ते स्क्रिप्ट हातात आल्यावर कळलं, आधी कोणी बोललं नाही. आणि त्या सगळ्या काळात कंटिन्यूइटीसाठी दाढी ठेवायला सांगितलेली, त्यामुळे मधे दोन जाहिरातींच्या ऑडिशनला क्लीन शेव्ह हवा होता तिथे जाता आलं नाही.

दुसरं पैसे. पर डे ठरतो, शिफ्ट १२ तासांची, प्रवासाचे तास वेगळे, तू मीरा रोडला राहणार आणि सेट घोडबंदरला किंवा मढला असणार. पैसे साधारण ९० दिवसांच्या क्रेडिटवर येतात, म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे सप्टेंबरच्या शेवटी, त्यातून १० टक्के टीडीएस कापून (तो रिटर्न भरलास की परत मिळू शकतो, भरत जा). म्हणजे पहिले चार महिने तू घरच्या पैशावर जगणार. वन आरकेचं डिपॉझिट, भाडं, ट्रेन, जेवण, हे सगळं हातात नसेल तर जाऊच नको. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून जा. माझे एका प्रॉडक्शनकडचे दोन महिन्यांचे पैसे शेवटपर्यंत आले नाहीत, व्हाउचरवर सह्या होत्या तरी.

तिसरं जरा वेगळं आहे. आपल्या बोलण्याला गोव्याचा हेल आहे, तो आपल्याला ऐकू येत नाही. मला पहिल्या दिवशी सांगितलं हेल काढ, आणि मी तो काढता काढता अभिनय विसरलो, सगळं लक्ष जिभेवर. सहा महिने रोज मोठ्याने पेपर वाचायचो. पण काढायचा म्हणजे मारून टाकायचा नाही रे, बाजूला ठेवायचा. २०१६ ला आकेरीला, आपल्या शेजारच्या सावंतवाडीजवळ, रात्रीस खेळ चाले सुरू झाली आणि मालवणी बोलणाऱ्या नटांना एकदम किंमत आली. कोल्हापुरात तुझ्यात जीव रंगला, साताऱ्यात लागिरं झालं जी, तिथेही बोलीनेच सिरियल चालली आणि आजूबाजूच्या रंगकर्मींना कामं मिळाली. म्हणजे बोली हे भांडवल आहे, फक्त प्रमाण मराठीही तितकीच सफाईने आली पाहिजे.

मी परत का आलो? बाबांचं आजारपण होतं. पण ते नसतं तरी मी आणखी एक वर्षच थांबलो असतो. मला शेवटी शेवटी ऑडिशनला जातानाच थकायला व्हायचं. तू किती वर्षं विचारतोस, माझ्या मते वर्षं मोजू नको, हे बघ की मागच्या वर्षीपेक्षा यंदा तुला बोलावणारी माणसं वाढली का.

—

खात्यातलाच_एक:

राजीनामा द्यायच्या आधी नियम तरी वाच बाबा. गोवा सरकारच्या नोकरांना सीसीएस कंडक्ट रूल्स लागू आहेत, १९६४ चे. त्यात अधूनमधून केलेलं साहित्याचं, कलेचं काम चालतं, ऑफिसच्या कामाला धक्का बसत नसेल तर. पण नियमित पैसे घेऊन दुसरा धंदा किंवा नोकरी परवानगीशिवाय चालत नाही, आणि महिन्याला १२ दिवस डेली सिरियल हे अधूनमधून कुठच्याच साहेबाला वाटणार नाही. गुपचूप करायचा विचार पण करू नको, टीव्हीवर तोंड दिसणार आहे तुझं. ईओएल म्हणजे बिनपगारी रजेसाठी अर्ज करता येतो, मिळेलच असं नाही, हेड ऑफ डिपार्टमेंटच्या हातात आहे, पण अर्ज करून बघ आणि त्यात कारण खरं लिही.

—

रंगदेवता_फोंडा:

पुता, मी ६७ वर्षांचा आहे, ४० वर्षं स्पर्धेच्या नाटकांत काम केलं, मास्तरकी करून. माझ्याइतकं या प्रश्नावर रात्री कोणी जागलं नसेल म्हणून लिहितो.

आम्हाला नेहमी उदाहरणं दिली जायची की बघा अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते, नोकरी सांभाळून झाले ना मोठे. डॉ. श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे सर्जन, १९२७ चा जन्म आणि पूर्णवेळ नट झाले १९६९ ला, म्हणजे बेचाळिशीत, आणि पुढच्याच वर्षी नटसम्राट. हे सगळं खरं आहे. पण एक गोष्ट आम्हाला कळायला फार वेळ लागला ती अशी की बँक आणि थिएटर एकाच शहरात होतं. ऑफिस सुटलं की तालीम, शनिवार-रविवार प्रयोग, बघायला येणारा निर्माता पण तिथेच राहणारा. आमची तालीम फोंड्यात आणि निर्माता साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर. त्यामुळे नोकरी सांभाळून नट व्हा हा सल्ला गोव्यातल्या माणसाला अर्धाच लागू पडतो. नोकरी सांभाळून तू उत्तम स्पर्धानट होशील, जो मी झालो. त्याचं मला दुःख नाही, मी केलेल्या काही भूमिका आजही लोक रस्त्यात थांबवून सांगतात. पण व्यवसाय म्हणून विचारशील तर गोव्याच्या कलावंताला घर सोडावंच लागलंय, पहिल्यापासून. मास्टर दीनानाथ आपल्या मंगेशीचे, १९०० चा जन्म, अठराव्या वर्षी बळवंत संगीत मंडळी काढणाऱ्यांत होते, आणि ती कंपनी गावोगाव फिरली ती महाराष्ट्रात.

आणि दीनानाथांचंच पुढचं बघ. १९३१ ला बोलपट आला, १९३२ ला मराठी बोलपट आला आणि बघता बघता नाटक कंपन्या बसल्या. त्यांनीही सिनेमा काढून बघितला, तो तारू शकला नाही, १९४२ ला ते गेले तेव्हा बेचाळीसही पूर्ण नव्हते. इतका मोठा गळा असलेला माणूस, पण माध्यम बदललं तेव्हा त्याची वाताहत झाली. हे मी तुला भीती घालायला सांगत नाही. आजही माध्यम बदलतंय, सिरियल आहे, ओटीटी आहे, उद्या आणखी काय येईल. तू ज्यात उतरशील ते १० वर्षांनी असंच असेल असं धरून चालू नको.

दुसऱ्या बाजूने आपल्याच वर्षा उसगावकर बघ. ब्रह्मचारी नाटक, १९८७ ला गंमत जंमत, मग महाभारतातली उत्तरा, हिंदी सिनेमे, आणि २०२० ला परत रोजच्या मराठी सिरियलमध्ये आईच्या भूमिकेत. त्यांनी कुठलंच माध्यम कमी लेखलं नाही, म्हणून त्या आजही पडद्यावर दिसतात. आणि दिलीप प्रभावळकर, १९४४ चा जन्म, २०२५ ला दशावतारमध्ये मुख्य भूमिका. ८१ व्या वर्षी! पेडण्यात मी तो सिनेमा शेवटच्या खेळाला बघितला, बाजूला एक म्हातारे दशावतारी कलाकार बसले होते, लाईट लागल्यावरही उठले नाहीत.

तुझ्या बाबांशी मी बोलायला तयार आहे, खरंच. माझ्या बाबांशी बोलायला तेव्हा कोणी नव्हतं.

—

पेडण्याची_बाय:

सगळे फक्त नटाच्या बाजूने बोलतायत म्हणून मी मधे पडते. मी कॅमेऱ्यामागे आहे, असिस्टंट डायरेक्टर, आठ वर्षं झाली, त्यातली चार मुंबईत.

सत्तरीकर, तू विचारलंस सिरियलमधून सिनेमाकडे रस्ता जातो का. सरळ रस्ता नाहीये. सिनेमावाले सिरियल बघून कास्ट करत नाहीत असं नाही, पण रोज तोच चेहरा घराघरात दिसला की काही जण उलट नको म्हणतात. ज्यांचा रस्ता झाला त्यांचा बहुतेक वेळा कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीतून झाला. नागराज मंजुळे नगरला मास कम्युनिकेशन शिकत होते तेव्हा केलेली पिस्तुल्या ही शॉर्टफिल्म, तिला नॅशनल अवॉर्ड मिळालं, मग फँड्री, मग २०१६ ला सैराट, आणि मधे ते स्वतः अभिनयही करतात. अविनाश अरुण पुण्याच्या एफटीआयआय फिल्म इन्स्टिट्यूटचे कॅमेरामन, पहिला सिनेमा किल्ला, २०१४ ला बर्लिनच्या फेस्टिवलला क्रिस्टल बेअर बक्षीस. रात्रीस खेळ चालेमधला पांडू आठवतो ना, तो करणारे प्रल्हाद कुडतरकर त्या सिरियलचे लेखकपण होते. लिहिता येणारा नट सेटवर कधीच फालतू होत नाही. तुला लिहिता येतं का, एडिटिंग येतं का, निदान आवाजाचं डबिंग? नसेल तर एक काहीतरी शिक, ते ऑडिशन नसलेल्या महिन्यात भाडं भरतं. मी स्वतः पहिल्या वर्षी क्लॅप देत होते आणि रात्री घरी लोकांचे लग्नाचे व्हिडिओ कापत होते, त्यावरच जगले.

आणि गोवा सोडावाच लागतो हे काकांचं म्हणणं मला सगळंच पटत नाही (काका, आदर ठेवून). २००४ पासून इफ्फी म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आहे, २००७ पासून मिरामारला फिल्म बाजार भरत आलाय, जगभरचे निर्माते तिथे येतात आणि आम्ही काय करतो, आयनॉक्सच्या बाहेर सेल्फी काढतो. मी पण आधी तेच केलं. कॉलेजात असताना इफ्फीला डेलिगेट डेस्कवर व्हॉलंटियर होते, चार वर्षांनी बाजारात गेले तेव्हा फोटोंची फाईल घेऊन गेले आणि एका बाईंनी फार मायेने सांगितलं की इथे फोटो कोणी बघत नाही, गोष्ट आहे का तुझ्याकडे? नव्हती. त्या दिवशी मिरामारच्या वाळूत बसून रडले. मग दोन वर्षं लागली पण गोष्ट लिहिली. इफ्फीत २०२१ पासून नवीन मुलांसाठी क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो आहे, ३५ च्या आतले लागतात, ४८ तासांत टीमने फिल्म करायची असते, अभिनयाची पण कॅटेगरी असते. तू २८ चा आहेस, अर्ज का नाही केलास?

लक्ष्मीकांत शेटगांवकरांनी पल्तडचो मनीस हा सिनेमा इथे केला, कोंकणीत, महाबळेश्वर सैलांच्या गोष्टीवर, गोव्याच्या जंगलात, आणि २००९ ला टोरांटोला क्रिटिक्सचं फिप्रेसी प्राइझ मिळालं. मुंबईत जाऊन मराठीत काहीतरी मुंबईछाप केलं असतं तर कोणी विचारलं असतं? आपली खाण, आपली देवराई, आपलं तुळशीलग्न, हे बाहेरच्याला लिहिता येणार नाही.

एवढं बोलून पण मी तुला जा असंच सांगते. सेटवर राहिल्याशिवाय काम कळत नाही. फक्त मामेभाऊ म्हणून सीन झाला की व्हॅनमध्ये मोबाईल बघत बसू नको, डायरेक्टरच्या मॉनिटरमागे उभा राहा, एडिटला जाऊन बस, परवानगी मागितली तर देतात.

—

म्हापसेकार:

एक कडू गोष्ट सांगतो, कोणाला दुखवायचं नाही. गोव्यात आज रंगमंचावर पोट भरणारे लोक कोण तर तियात्रिस्त, म्हणजे कोंकणी तियात्र नाटकं करणारे. का? त्यांचा प्रेक्षक तिकीट काढतो. शनिवार-रविवारी रवींद्र भवनात, चर्चच्या फेस्ताला, ३०० रुपये द्यायला मागेपुढे बघत नाही. आमचं मराठी नाटक देवळाच्या मांडवात फुकट, आणि स्पर्धेचं पण बहुतेक फुकटच. मी हिंदू आहे, मराठी नाटकवेडा आहे, आणि मीसुद्धा गेल्या पाच वर्षांत गोव्यातल्या मराठी संस्थेचं नाटक तिकीट काढून एकदाच बघितलं. मुंबईची कंपनी आली की मात्र ५०० चं तिकीट काढतो. तर या मुलाला इथे राहून कर म्हणताना आपण त्याच्या नाटकाला किती पैसे देतो तेही बघूया.

—

पणजी_मुंबई_पणजी:

म्हापसेकार, एकदम काळजाला लागलं. मी परत आल्यावर इथे एक दोन पात्री केलं होतं, १२० रुपये तिकीट ठेवलं, ओळखीचे लोक फोन करून पास मागत होते.

पेडण्याची बाय, मॉनिटरमागे उभं राहायचं तुमचं म्हणणं शंभर टक्के. मी सहा वर्षं व्हॅनमध्ये बसलो. गोव्यात आता शूटिंगं भरपूर येतात, त्यातलं लाईन प्रॉडक्शन मी करतोय, लोकेशन, ईएसजीची म्हणजे गोव्याच्या एंटरटेनमेंट सोसायटीची परवानगी, गाड्या, ज्युनियर आर्टिस्ट. घर चालतं आणि सेटवर असतो. हे काम मला मुंबईतल्या ओळखींमुळेच मिळालं, त्यामुळे ती सहा वर्षं वाया गेली असं मी कधी म्हणत नाही.

सत्तरीकर, अ‍ॅग्रीमेंट आलं की तीन गोष्टी बघ. महिन्याचे कमीत कमी दिवस लिहिलेत का, पैसे किती दिवसांनी ते लिहिलंय का, आणि दुसऱ्या चॅनेलवर काम करायला बंदी आहे का. बंदी असेल आणि कमीत कमी दिवस लिहिले नसतील तर सही करू नको, तोंडी कितीही गोड बोलले तरी.

—

सत्तरीकर_नट:

सगळ्यांचं देव बरें करूं. मी दोन दिवस हे परत परत वाचतोय, काल आईला पण वाचून दाखवलं. ती लागूंच्या वयाशी थांबली, म्हणाली बेचाळीस? मग तुला घाई कसली. आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, पण सहा महिन्यांचे पैसे किती होतात ते तरी लिहून काढ. एवढं ती या विषयावर पहिल्यांदा बोलली.

तर मी असं केलंय. एपिसोड डायरेक्टरला फोन करून कमीत कमी दिवस लेखी मागितले. तो आधी हसला, मग म्हणाला प्रॉडक्शनला विचारतो, ८ लिहून देतील बहुतेक. बंदीचं विचारलं तर ती मुख्य कलाकारांना असते, तुला नाही म्हणाला, ते पण लेखी दे म्हटलंय. ईओएलचा अर्ज लिहिलाय, एक वर्षाचा, कारण खरं लिहिलंय, सोमवारी साहेबांकडे नेऊन देतो. पैसे मोजले, चार महिन्यांचे होतात, दोन महिन्यांचे कमी पडतात, बाईक विकली तर जमतात.

बाय, लिहिण्याचं विचारलंत, एक एकांकिका लिहिलीय, आमच्या गावच्या बंद पडलेल्या खाणीवर, ट्रक विकावे लागले त्या लोकांची. कोणाला दाखवली नव्हती. तुम्हाला पाठवू का?

काका, बाबांशी बोलायला खरंच याल का, रविवारी ते घरी असतात. रजा नाही मिळाली तर काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाहीये.

—

रंगदेवता_फोंडा:

रविवारी दहाच्या कदंबाच्या बसने येतो. वाळपई स्टँडवर न्यायला ये, बाईक त्याच्यानंतर विक.

—

पेडण्याची_बाय:

पाठव. आजच पाठव, टाइप केली नसेल तर वहीचे फोटो काढून पाठव.